राखलेलं रान आणि मळलेली वाट

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेने जपलेली जागा लोकांसाठी खुली आहे. आत पायवाटा आहेत आणि शेजारी एक सामुदायिक बाग आहे. लहान मुलं आणि कुत्रा घेऊन एक कुटुंब तिथे पहिल्यांदाच जाणार आहे. फाटकावर नियमांची भलीमोठी पाटी आहे. 'फुलं तोडू नका' हे समजतं. पण ओल्या दिवसांत वाट बंद, बुटांचे तळवे घासून मगच आत या, कुत्रा पट्ट्यातच हवा, वाट सोडून एक पाऊलही बाजूला नको, हे इतकं कडक कशासाठी? आणि बागेत शिरायचं तर परवानगी कोणाची घ्यायची?

वीसेक वर्षं मी अशा जागांमध्ये वाटा आखण्याचं, त्या दुरुस्त करण्याचं आणि लोकांना फिरवून आणण्याचं काम करते आहे. त्या पाटीवरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कुठेतरी आधी झालेलं नुकसान असतं. ते कसं झालं हे कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. पाटी ज्याबद्दल काहीच बोलत नाही, तिथेही कसं वागायचं ते सुचतं. म्हणून यादी न देता कारणं सांगते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. जपलेली प्रत्येक जागा लोकांसाठी खुली असतेच असं नाही. लोकांच्या वतीने जमीन राखून ठेवणाऱ्या संस्था सुरू झाल्या तेव्हा मात्र हेतू लोकांना मोकळी जागा मिळावी हाच होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली चार्ल्स एलियट या उद्यानरचनाकाराच्या पुढाकाराने असा पहिला विश्वस्त न्यास उभा राहिला. ब्रिटनमध्ये १८९५ साली नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला. त्याला मिळालेली पहिली जमीन म्हणजे वेल्सच्या किनाऱ्यावरचा 'दिनास ओलाय' हा चार-पाच एकरांचा उतार, फॅनी टॅलबट या बाईंनी दान दिलेला. आज परिस्थिती वेगळी आहे. बरीचशी जमीन मालकाशी करार करून जपली जाते. मालकी त्याचीच राहते, तो तिथे शेती करतो, राहतो. फक्त तुकडे पाडून विकण्याचा किंवा इमारती बांधण्याचा हक्क त्याने कायमचा सोडून दिलेला असतो. अशा जमिनीत फिरण्याचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही. नकाशावर हिरवा रंग दिसला म्हणून निघालेले लोक कोणाच्या तरी अंगणात पोचतात, वाद होतो, आणि पुढचा शेजारी जमीन जपायला द्यायला कचरतो. म्हणून निघण्यापूर्वी तीन गोष्टी बघा: जागा खुली आहे का, तिचा कोणता भाग खुला आहे, आणि वर्षाच्या कोणत्या काळात.

देशोदेशीचे कायदेही फार वेगळे आहेत. स्वीडनमध्ये परक्याच्या रानातून जबाबदारीने चालायचा हक्क पूर्वापार आहे, स्कॉटलंडने तो २००३ साली कायद्यात लिहिला. इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउटच्या माळावर शेकडो कामगार, तरुण मुलं-मुली मनाई मोडून चढून गेली आणि त्यांतल्या काहींना तुरुंगात जावं लागलं. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि रानात जाण्याच्या हक्काचा कायदा झाला, आणि १९६५ साली त्याच डोंगररांगेतून जाणारा पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग लोकांसाठी खुला झाला. आपण सहज ज्या वाटेवर पाय ठेवतो ती कोणीतरी भांडून मिळवलेली असू शकते, हे मला मुलांना सांगायला आवडतं.

आता वाट सोडू नका याबद्दल. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच, आणि सगळ्यात कमी समजलेलाही. लोकांना वाटतं, 'मी एकटा दोन पावलं गवतात गेलो तर काय बिघडतं?' जमिनीचा हिशेब मात्र उलटा आहे. जिथे कोणी चालत नाही तिथे पहिल्या काही पावलांनी होणारी हानी सगळ्यात मोठी असते. कोवळी रोपं मोडतात, पालापाचोळ्याचा थर फाटतो, मातीतली हवेची पोकळी दबते. सुरुवातीच्या काही डझन पावलांतच बहुतेक नुकसान होऊन जातं, त्यानंतर शंभर माणसं गेली तरी त्यात थोडीच भर पडते. म्हणजे मळलेल्या वाटेवरून चालणारा हजारावा माणूस जवळजवळ काहीच बिघडवत नाही, आणि शेजारच्या गवतात उतरणारा पहिला माणूस बरंच बिघडवून जातो. सगळ्यांनी एकाच वाटेने जायचं ते एवढ्यासाठी. त्या अरुंद पट्टीने तुडवलं जाणं पत्करलंय, म्हणून बाकीचं रान वाचतं.

काही जमिनी तर पहिलं पाऊलही सोसत नाहीत. वाळवंटी प्रदेशात मातीवर काळसर, खडबडीत साय धरल्यासारखी दिसते. ती शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीवांनी विणलेली जिवंत पापुद्र्याची चादर असते. वाऱ्याला आणि पाण्याला तीच माती धरून ठेवते. तिच्यात एक बूट रुतला की ती खूण भरून यायला अनेक वर्षं, कधी कित्येक दशकं लागतात. कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये २०१९ च्या वसंतात डोंगरभर नारिंगी पॉपी फुलल्या. फोटोसाठी लोटलेली गर्दी फुलांत शिरली, बसली, लोळली. फुलं गेलीच, पण दबलेल्या जागी नव्या आडवाटा उमटल्या. २०२३ साली पुन्हा बहर येणार असं दिसताच ती जागा आधीच बंद करावी लागली. तिथे आलेल्या प्रत्येकाला ती फुलं आवडत होती, आणि आवडीमुळेच हे झालं. मला ते अजूनही अस्वस्थ करतं.

वाट कशी बांधतात हे एकदा कळलं की ती सोडावीशीच वाटत नाही. वाटेचा खरा शत्रू पाय नव्हे, पाणी. उतारावर वाट आखताना आम्ही बघतो की पाणी तिच्यावरून आडवं ओलांडून जावं, तिच्या लांबीने वाहू नये. त्यासाठी तिला दरीच्या बाजूला किंचित कल देतात. सरासरी चढ शंभर मीटरला दहा मीटरच्या आसपास ठेवतात, आणि डोंगराच्या मूळ उताराच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त होऊ देत नाहीत. त्यापेक्षा चढी झाली की पाण्याला ती वाट आयती मिळते, एका पावसाळ्यात तिची घळ होते आणि मुळं-दगड उघडे पडतात. डोंगरावर वाट नागमोडी वळसे घेत जाते ती या हिशेबामुळे. आता दोन वळशांच्या मधून सरळ खाली उतरणारी जी चोरवाट पडते, ती नेमकी पाण्याच्या सोयीची असते. वीस पावलं वाचतात, आणि वर्षभरात तिथून वाहून आलेली माती खालच्या वळणावर साचते. ती चोरवाट बुजवायला आम्हाला दगड, फांद्या, रोपं घेऊन दोन-दोन दिवस लागतात. वाटेच्या कडेला आडव्या टाकलेल्या फांद्या दिसल्या तर त्या बाजूला करू नका. बहुधा त्या मुद्दाम टाकलेल्या असतात.

चिखलाचंही तसंच. वाटेत चिखल लागला की मधून चालायचं, कडेकडेने नाही. हे मला स्वतःच्या चुकीतून उमगलं. सुरुवातीच्या वर्षांत मी एक मोठा गट घेऊन गेले होते. वाटेत डबकं होतं. लोकांचे बूट भिजू नयेत म्हणून मी सगळ्यांना बाजूच्या नेच्यांतून नेलं. आमच्या मागून येणाऱ्यांनी आमच्या पावलांवर पाऊल ठेवलं. पुढच्या वर्षी तिथे नेचे नव्हते, वाट तिप्पट रुंद झाली होती आणि डबकंही. तेव्हापासून ओल्या दिवसांत मी भिजले तरी चालतील असे बूट घालते आणि सोबतच्यांनाही तसंच सांगते. काही ठिकाणी ओल्या काळात वाटच बंद ठेवतात. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बर्फ वितळण्याच्या दिवसांत, साधारण मे संपेपर्यंत, उंचावरच्या वाटांवर जाऊ नका असं दरवर्षी सांगितलं जातं. वरचा थर मऊ झालेला असतो आणि खालची जमीन अजून गोठलेली असते, त्यामुळे पाणी मुरायला जागाच नसते. वाट बंद असल्याची पाटी दिसली तर राग मानू नका, दुसरी एखादी कोरडी, दगडी किंवा फळ्यांची वाट आहे का ते विचारा. बहुतेक वेळा असते.

बूट घासण्याच्या ब्रशबद्दल. तो ब्रश बघून लोक खांदे उडवतात, म्हणून यावर जरा थांबते. झाडांच्या मुळांना मारणारे काही रोगजंतू मातीतून पसरतात, आणि एका रानातली माती दुसऱ्या रानात नेणारं सगळ्यात सोयीचं वाहन म्हणजे आपला बूट. न्यूझीलंडमधली कौरी ही प्रचंड झाडं, त्यांतली काही तर हजार वर्षांहून जुनी, फायटोफ्थोरा गटातल्या अशाच एका जीवामुळे मरत आहेत. तिथे लोकांना सांगितलं जातं की टाचणीच्या माथ्याएवढी मातीही रोग न्यायला पुरते. ऑकलंडजवळच्या वायटाकरे डोंगररांगेतल्या माओरी समाजाने २०१७ च्या अखेरीस ते रान विश्रांतीसाठी बंद असल्याचं जाहीर केलं, आणि २०१८ मध्ये प्रशासनाने जंगलातल्या वाटा बंद केल्या. नंतर त्या वाटा एकेक करून सुधारून, चिखल लागणार नाही अशा बांधून खुल्या करण्याचं काम सुरू झालं. तर ब्रश दिसला की तळव्याच्या खाचांतली माती नीट काढा, तिथे औषधी द्रव असेल तर त्यात बूट बुडवा, आणि परत निघतानाही हेच करा. परतताना केलेली सफाई पुढच्या रानासाठी असते.

कुत्र्याबद्दल तुम्हाला नावडणारं उत्तर देते, कारण मला कुत्रे आवडतात आणि तरीही हेच मत आहे. पट्टा हवाच, आणि काही जागांत पट्ट्यासहही नेऊ नये. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या परिसरातल्या रानवाटांवर केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पट्ट्यात बांधलेले कुत्रे नुसते चालत गेले तरी तिथल्या पक्ष्यांच्या जातींची विविधता ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली. पक्ष्याच्या लेखी तुमचा लाडका कुत्रा हा शिकारी प्राणी आहे. जमिनीवर घरटं करणारी मादी उडाली की अंडी गार पडतात किंवा कावळ्याच्या नजरेला पडतात. दुसरी गोष्ट विष्ठेची. ती 'नैसर्गिक खत' आहे असं मी कित्येकदा ऐकलंय. बेल्जियममध्ये गेंटजवळच्या राखलेल्या रानांत मोजणी केली, तेव्हा कुत्र्यांच्या मलमूत्रातून हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस मातीत पडत असल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. रानफुलं कस कमी असलेल्या मातीतच टिकतात; खत वाढलं की दोन-चार माजोरी गवतं सगळं व्यापतात. तेव्हा पिशवीत भरा आणि ती पिशवी सोबत घेऊन या. 'परत येताना उचलू' म्हणून फांदीला अडकवलेल्या पिशव्या आम्ही महिनोन्महिने काढत असतो.

मुलांना मात्र हात लावू द्या, हे मी आग्रहाने सांगेन. सगळ्याला 'नको, नको' ऐकत चाललेलं मूल पुन्हा येत नाही. कुजलेला ओंडका हळूच उलटून खालची गोगलगाय, गोम, बुरशीचे पांढरे धागे त्यांना दाखवा. मग तो ओंडका होता तसाच, त्याच बाजूने ठेवा. त्याच्याखालचा अंधार आणि ओल हेच त्यांचं घर असतं. मेलेलं लाकूड म्हणजे कचरा नव्हे. फिनलंडच्या जंगलांत तर वनातल्या प्रजातींपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा मेलेल्या लाकडावर अवलंबून आहे. ओढ्यातले दगड रचून लगोऱ्या करू नका. त्या दगडांखाली किड्यांच्या अळ्या, बेडकांच्या जातीतले जीव, माशांची अंडी असतात. शिवाय काही डोंगरांवर दगडांची रास ही वाट दाखवायची खूण असते, आणि धुक्यात एखादी भलती रास माणसाला कड्याकडे नेऊ शकते.

चालण्याचा वेळ कसा धरायचा याचा एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. तो सशक्त प्रौढांसाठी आहे. मुलं सोबत असतील तर मी सरळ दुप्पट धरते आणि त्यातही वीस मिनिटं नुसतं बसण्यासाठी ठेवते. एका जागी गप्प बसलं की पहिल्या दहा मिनिटांत काहीच होत नाही, मग हळूहळू रान आपल्याला विसरतं आणि आपापल्या कामाला लागतं. माझ्या मुलीने पहिलं मुंगूस असंच पाहिलं.

फोटोबद्दल दोनच वाक्यं. दुर्मीळ फूल, घरटं, बीळ यांचा फोटो टाकताना जागा उघड करू नका. आयनॅचरलिस्टसारखी, लोक प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकतात ती ऑनलाइन व्यासपीठं धोक्यातल्या जातींची नेमकी जागा स्वतःहून झाकतात, बाकी ठिकाणी ते तुमच्या हातात आहे. आणि मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका, विणीच्या दिवसांत तो आपली हद्द राखायला धावत येतो आणि पिल्लं मागे एकटी पडतात.

आता सामुदायिक बाग. इथे रानापेक्षा उलट गोष्ट आहे: ही जागा पूर्णपणे माणसांच्या हातची आहे आणि त्या माणसांना तुम्ही भेटणार आहात. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या ओसाड तुकड्यावरचा कचरा उपसून वाफे केले. पुढच्या वर्षी शहराने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. अशा शेकडो बागा त्या शहरात झाल्या. १९९९ साली त्यांतल्या शंभरहून जास्त बागांच्या जमिनी लिलावात निघाल्या, तेव्हा जमिनी जपणाऱ्या संस्थांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या. बागवान मंडळी फाटकाच्या कुलपाबाबत हळवी का असतात, ते यावरून कळेल.

परवानगीचं उत्तर सोपं आहे. फाटक उघडं असेल आणि आत कोणी काम करत असेल तर बहुतेक बागांत याचा अर्थ 'या' असाच असतो. आत या, फाटक मागे तसंच लावून घ्या, समोर जो कोणी असेल त्याला नमस्कार करा आणि 'बघू का?' एवढं विचारा. फाटक बंद असेल तर कुंपणावरची वेळ वाचा, उडी मारून जाऊ नका. बागेत दोन प्रकारचे वाफे असतात: काही सगळ्यांचे, काही एकेका कुटुंबाचे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे काहीही तोडण्याआधी विचारायचं, गळून पडलेलं असलं तरी. वेलीवर पिवळा पडून सुकत चाललेला एखादा भोपळा किंवा काकडी बघून लोकांना वाटतं की कोणी विसरलंय. बऱ्याचदा तो पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी ठेवलेला सगळ्यात चांगला नग असतो. एका बागेत असा एकुलता एक बियाण्याचा भोपळा पाहुण्याने कौतुकाने तोडून बागवान आजींच्याच हातात दिला होता. त्या काही बोलल्या नाहीत. तीन-चार वर्षं निवडून जपलेला वाण तिथे संपला.

वाफ्यात पाय ठेवू नका, मुलांनाही ठेवू देऊ नका. रानात आपण वाट दाबतो म्हणजे बाकीची माती मोकळी राहते. बागेतही हाच न्याय आहे, फक्त अंतर वीतभराचं. एका पावलाने दबलेल्या जागी गाजर वाकडं येतं. शहरांतल्या जुन्या जागांच्या मातीत जुन्या रंगांतून आणि पेट्रोलच्या धुरातून आलेलं शिसं असू शकतं. म्हणूनच अनेक बागांत बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे बांधलेले दिसतात. मुलं मातीत खेळली तर काहीही तोंडात घालण्याआधी हात धुवायचे. मधमाश्यांची पेटी असेल तर तिच्या तोंडासमोर उभं राहू नका, बाजूने बघा. कुत्रा बागेत बहुधा नकोच असतो. आणि एखादी खुरपी कोणी हातात दिली तर अर्धा तास खुरपा. मुलांना त्या अर्ध्या तासात जे कळतं ते फलक वाचून कळत नाही. फक्त काय उपटायचं ते आधी विचारून घ्या, तण वाटणारं रोप फुलपाखरांसाठी लावलेलं असू शकतं.

उरलेलं भराभर सांगते. चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. घोडा आला तर थांबा आणि हळू आवाजात बोला, म्हणजे त्याला कळतं की हा माणूस आहे. गाडी लावायची जागा भरली असेल तर फाटकासमोर लावू नका, रुग्णवाहिकेला तीच वाट असते. फळांची सालंही परत न्या, ती कुजायला वाटतात त्यापेक्षा खूप जास्त दिवस लागतात. गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळाशी गोचीड बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. जितकी लवकर निघेल तितका आजाराचा धोका कमी.

आणि परत आल्यावर जागा राखणाऱ्यांना एक निरोप पाठवा. वाटेवर झाड पडलंय, फळी सैल झालीय, वाटेची खूण पुसट झालीय, नवी चोरवाट पडतेय, असं काही दिसलं असेल तर फोटो काढा, शेजारी मापासाठी काठी किंवा बाटली ठेवा, आणि कोणत्या खुणेपासून किती अंतरावर ते लिहा. आठवड्यात कळलेली चोरवाट दोन फांद्या आडव्या टाकून बुजवता येते. वर्षाने कळली तर तिथे दगडांच्या पायऱ्या बांधाव्या लागतात.